कॉम्प्युटरचे चक्रावून टाकणारे एरर मेसेज : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान घरच्या आणि छोट्या ऑफिसातल्या विंडोज कॉम्प्युटरसाठी आहे. मेसेज पडद्यावर इंग्रजीत येतात, इथे ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. कोडच्या सुरुवातीला येणारं ‘शून्य-एक्स’ खाली गाळलं आहे. पुढचं वाचताना एक गोष्ट धरून ठेवा. एरर मेसेज बिघाडाचं कारण क्वचितच सांगतो, आतली कुठली तपासणी नापास झाली एवढंच सांगतो. बहुतेक विनोद आणि बहुतेक गोंधळ यातूनच होतो.

‘कीबोर्ड नॉट फाउंड, प्रेस एफ१ टू कंटिन्यू’ असं येतं. कीबोर्डच सापडत नसेल तर एफ१ दाबायचं कशाने?

हा मेसेज विंडोजचा नाही, तिच्याआधी चालू होणाऱ्या बायोसचा आहे. पॉवर दिल्यावर बायोस रॅम, डिस्क, पंखा, कीबोर्ड असं एकेक तपासत जातं. काहीही कमी आढळलं की तक्रारीखाली एक ठरलेली ओळ येते : पुढे जायला एफ१ दाबा. पंख्याची तक्रार असो की कीबोर्डची, ओळ तीच. तेव्हा आधी कीबोर्ड जोडायचा, मग त्यावरचं एफ१ दाबायचं. मेसेज दिसतो तितका वेडा नाही.

यूएसबी कीबोर्ड असेल तर तो पुढच्या पोर्टमधून काढून मागे, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा. पुढच्या पोर्टची आतली वायर सैल झालेली असते, असं बऱ्याचदा निघतं. जांभळ्या गोल पोर्टचा जुना कीबोर्ड असेल तर आधी मशीन बंद करा. ते पोर्ट चालू मशीनवर काढण्या-घालण्यासाठी केलेलंच नाही. वायरलेस कीबोर्डचा डोंगल कधीकधी उशिरा जागा होतो, म्हणून घरात एक साधा वायरचा कीबोर्ड असू द्या.

सीसीटीव्हीचं किंवा टॅलीच्या डेटाचं मशीन मुद्दामच कीबोर्डशिवाय ठेवलं असेल तर बायोसमध्ये ‘हॉल्ट ऑन’ हा पर्याय ‘ऑल, बट कीबोर्ड’ करा. काही मदरबोर्डवर याच गोष्टीला ‘वेट फॉर एफ१ इफ एरर’ म्हणतात, ते ‘डिसेबल्ड’ करा. हे केलं नाही तर रात्री वीज जाऊन आली की मशीन सकाळपर्यंत एफ१ची वाट बघत बसतं आणि रेकॉर्डिंग कोरं राहतं.

रोज सकाळी बँकेची साइट ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ म्हणते. साइट हॅक झाली का?

आधी खाली उजवीकडची तारीख बघा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर दोष मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा आहे. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमचं मशीन स्वतःला भूतकाळात समजत असेल तर ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असं ब्राउझरला दिसतं. मेसेजखालच्या बारीक अक्षरांत ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असं असेल तर शंकाच नको.

सेलचा नंबर सीआर२०३२, ३ व्होल्टचा. मल्टिमीटरवर २.७च्या खाली दिसला की बदला. मशीन बंद करा, मागची वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग बाजूची क्लिप हलकेच ढकला, सेल वर उडतो. नवा सेल अधिकचं चिन्ह वर ठेवून बसवा. आता बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावा.

इथे एक खाच आहे. सेल गेला की बायोसच्या सेटिंगही मूळ पदावर जातात. डिस्कचा ‘साटा मोड’ आधी ‘एएचसीआय’ होता आणि आता दुसराच झाला, तर विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत निळी स्क्रीन दाखवेल. डिस्क खराब झाली समजून नवी आणू नका, मोड परत पूर्वीसारखा करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असलेल्या लॅपटॉपवर बायोसला हात लावण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याची खात्री करा. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ‘डिव्हाइसेस’खाली मिळते.

‘८००७०००५’, ‘८००७००७०’ असे आकडे येतात. यांचा काही अर्थ असतो का?

असतो, आणि तो घरच्या घरी काढता येतो. पहिला ८ म्हणजे ‘काम फसलं’. पुढचे ००७ म्हणजे तक्रार विंडोजच्या नेहमीच्या यादीतली आहे. खरी गोष्ट शेवटच्या चार आकड्यांत असते, पण ते सोळाच्या पायावर लिहिलेले असतात. विंडोजचा कॅल्क्युलेटर उघडा, ‘प्रोग्रामर’ मोड निवडा, ‘हेक्स’वर क्लिक करून ७० टाइप करा. ‘डेक’समोर ११२ दिसेल. आता कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत ‘नेट’ लिहा, एक जागा सोडा, ‘हेल्प’ला जोडूनच एम, एस, जी ही तीन अक्षरं लिहा, पुन्हा जागा सोडून ११२ लिहा आणि एंटर मारा. उत्तर येतं : डिस्कवर पुरेशी जागा नाही. अपडेट का होत नाही म्हणून तासभर डोकं खाजवण्याऐवजी सी ड्राइव्ह रिकामा करायचा, इतकंच.

याच पद्धतीने शेवटी ०००५ म्हणजे परवानगी नाकारली आणि ०००२ म्हणजे फाइल सापडली नाही. सुरुवात ८०२४ने असेल तर तक्रार विंडोज अपडेटची, ८००एफने असेल तर इन्स्टॉलेशनची किंवा ड्रायव्हरची.

विंडोज मराठीत लावली असली तरी कोड बदलत नाही. म्हणून मदत मागताना आधी कोड द्या, मेसेजचं भाषांतर नको. मोबाइलवर पूर्ण स्क्रीनचा फोटो काढा आणि सोबत दोन ओळी लिहा : नेमकं काय करत असताना आला, आणि त्याआधी नवीन काय टाकलं होतं. ‘काहीतरी एरर येतोय’ यावरून कुणालाही काही सांगता येत नाही.

‘एरर : द ऑपरेशन कम्प्लीटेड सक्सेसफुली’. काम झालं की नाही?

बहुधा नाही झालं. विंडोजच्या यादीत शून्य नंबरचा मेसेज ‘काम यशस्वी’ असा आहे. प्रोग्रामचं एखादं काम फसलं की त्याने लगेच विंडोजला ‘शेवटची चूक कुठली?’ असं विचारायचं असतं. त्याने मध्ये दुसरंच काहीतरी केलं आणि ते नीट पार पडलं, तर चूक सांगणारा आकडा शून्यावर आलेला असू शकतो. सरकारी कचेरीत तक्रारीची चौकशी करायला जावं आणि तोवर खिडकीवरचा माणूस बदललेला असावा, तसं. नवा माणूस म्हणतो, ‘इथे काही प्रलंबित नाही.’ प्रोग्राम तेच उत्तर इमानेइतबारे लाल फुलीच्या चौकटीत दाखवतो.

तुमच्या हातात एवढंच : काम झालं का ते स्वतः तपासा. फाइल खरोखर सेव्ह झाली का? प्रिंट निघाली का? झाली नसेल तर प्रोग्राम बंद करून उजव्या क्लिकने ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून बघा. चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याची आहे, फॉरमॅट मारून ती जाणार नाही.

झिप फाइल उघडताना ‘कॅटॅस्ट्रॉफिक फेल्युअर’ आलं. मशीन गेलं का?

नाही. ८०००एफएफएफएफ हा कोड म्हणजे ‘अनपेक्षित काहीतरी झालं’, आणि त्याला विंडोजने दिलेलं नाव इतकं भयंकर आहे. बहुतेक वेळा झिप अर्धवट डाउनलोड झालेली असते. फाइल पुन्हा उतरवा किंवा सेव्हन-झिपने उघडा.

आणि नुसतंच ‘समथिंग हॅपन्ड’?

२०१५ साली विंडोज १० आली तेव्हा तिच्या इन्स्टॉलरने हा मेसेज जगभर गाजवला. मथळ्यात ‘समथिंग हॅपन्ड’, खाली तपशिलातही ‘समथिंग हॅपन्ड’. इन्स्टॉलर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला किंवा कंट्रोल पॅनलमध्ये ‘रीजन’खालचं ‘सिस्टिम लोकेल’ अमेरिकन इंग्रजी केलं की अनेकांचं काम व्हायचं. आजही परदेशी सॉफ्टवेअर विनाकारण अडलं तर हा दुसरा उपाय करून बघण्यासारखा आहे. काम झाल्यावर लोकेल परत भारतावर आणा.

निळ्या स्क्रीनवर ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ लिहिलेलं असतं. हे काय गणित आहे?

खरोखरच गणित आहे. विंडोजच्या आत चालणाऱ्या प्रत्येक कामाला एक प्राधान्याची पातळी असते, ती आयआरक्यूएल. वरच्या पातळीवर काम चालू असताना डिस्कवर हलवता येणाऱ्या मेमरीला हात लावायचा नाही, असा नियम आहे. पातळी ठरलेल्या मर्यादेपेक्षा ‘कमी किंवा तेवढीच’ आहे का, ही तपासणी नापास झाली आणि तपासणीचंच नाव पडद्यावर आलं. प्रोग्रामरांसाठी लिहिलेली ओळ आहे ती, तुमच्या-आमच्यासाठी नाही.

दोषी जवळपास नेहमी ड्रायव्हर किंवा रॅम. नवीन ग्राफिक कार्ड, वाय-फाय डोंगल किंवा अँटिव्हायरस टाकल्यावर सुरू झालं असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन तो ड्रायव्हर काढा. वेळी-अवेळी आणि दर वेळी वेगळ्याच नावाने निळी स्क्रीन येत असेल तर रॅम बघा. वाशी, ऐरोली, कळवा अशा खाडीलगतच्या भागात पावसाळ्यात हे जास्त होतं. दमट, खारट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. मशीन बंद करून वायर काढा, केसच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, रॅम काढा, पांढऱ्या मऊ खोडरबराने पट्ट्या एका दिशेने पुसा. खोडरबराचा चुरा मशीनपासून लांब झटका, तो स्लॉटमध्ये गेला तर नवीन दुखणं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवून पूर्ण वाळू द्या. शाई खोडायचं खरखरीत रबर अजिबात वापरू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. एवढ्याने भागलं नाही तर एकेक रॅम लावून ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवा.

स्क्रीन वाचायच्या आतच मशीन रीस्टार्ट होत असेल तर ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’खालची ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा.

निळ्या स्क्रीनवरचा तोंड पाडलेला चेहरा २०१२मध्ये विंडोज ८बरोबर आला, क्यूआर कोड २०१६मध्ये, आणि २०२५पासून विंडोज ११वर ही स्क्रीन काळी झाली आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एकाच दिवशी निळी पडली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तेव्हाही स्क्रीनवर तपासणीचं आणि एका फाइलचं नाव एवढंच होतं. दोष कुणाचा हे शोधायला माणसंच लागली.

फाइल डिलीट करताना माझ्याच नावाने म्हणतो, ‘अमुक यांची परवानगी घ्या’. अमुक म्हणजे मीच!

विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, आतल्या एका लांबलचक नंबराने ओळखते. विंडोज नव्याने टाकली किंवा जुनी डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की नाव तेच राहतं, नंबर बदलतो. फाइलची मालकी जुन्या नंबराकडे असते. फोल्डरवर उजवा क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘ॲडव्हान्स्ड’, वर ‘ओनर’समोरचं ‘चेंज’, तुमचं नाव टाका, ‘चेक नेम्स’, मग ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स’वर खूण. ओके करून खिडकी पुन्हा उघडा आणि स्वतःला ‘फुल कंट्रोल’ द्या. मालकी घेणं आणि परवानगी देणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकावर थांबलात तर तोच मेसेज पुन्हा येईल. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरांवर हा प्रयोग करू नका.

फाइलचं नाव मराठीत दिलं की ‘पाथ टू लाँग’ येतं. इंग्रजीत येत नाही. मराठीवर राग का?

राग नाही, मोजणी वेगळी आहे. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटापर्यंतचा पूर्ण पत्ता साधारण २६० चिन्हांत बसावा अशी विंडोजची जुनी मर्यादा आहे. यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात. ‘ठाणे’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, विंडोजला चार. ‘नवी मुंबई’ मधल्या मोकळ्या जागेसकट नऊ. ‘सोसायटी वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त’ अशा नावाचे फोल्डर एकात एक ठेवले की मर्यादा भराभर संपते, आणि डेस्कटॉपवर किंवा वनड्राइव्हमध्ये असाल तर सुरुवातीचा पत्ताच लांब असतो.

सोपा उपाय : फोल्डर उचलून थेट डी ड्राइव्हच्या मुळाशी आणा आणि मधल्या फोल्डरांची नावं छोटी करा. लिनक्सच्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवर) बॅकअप घेत असाल तर तिथे मर्यादा एका नावाला २५५ बाइटची असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे एका नावात फक्त ८५ चिन्हं. विंडोजवर नीट असलेली फाइल बॅकअपमध्ये न जाण्याचं हे एक न सापडणारं कारण.

६४ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा आहे, लग्नाचा व्हिडिओ ६ जीबीचा. तरी ‘फाइल इज टू लार्ज’ म्हणतो.

मेसेज शेवटपर्यंत वाचा : ‘...फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टिम’. पेनड्राइव्हची मांडणी फॅट३२ आहे आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, मग जागा कितीही असो. पेनड्राइव्हमधला डेटा आधी दुसरीकडे काढा, उजवा क्लिक, ‘फॉरमॅट’, ‘एक्सफॅट’ निवडा. मात्र जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. काकांकडे जुन्या टीव्हीवर दाखवायचा असेल तर एनटीएफएस करून बघा, तेही चाललं नाही तर व्हिडिओचेच ४ जीबीखालचे तुकडे करून घ्या.

प्रिंटर ‘लोड लेटर’ म्हणत थांबतो. ट्रेमध्ये कागद भरलेला आहे. कुठलं लेटर?

पत्र नाही, कागदाचं अमेरिकन माप. लेटर म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपला ए४ म्हणजे २१० बाय २९७. फाइल लेटर मापाची आणि ट्रेमध्ये ए४, म्हणून प्रिंटर अडतो. एचपीच्या जुन्या लेझरजेटवर हेच ‘पीसी लोड लेटर’ असं दिसायचं. तिथला पीसी म्हणजे कॉम्प्युटर नव्हे, पेपर कॅसेट, म्हणजे कागदाचा ट्रे. छोट्या पडद्यावर मोजकीच अक्षरं मावत असल्याने असा तुटक मेसेज.

घाई असेल तर प्रिंटरवरचं ओके किंवा ‘कंटिन्यू’ दाबा, बहुतेक प्रिंटर आहे त्या कागदावर छापतात. कायमचा उपाय तीन ठिकाणी करावा लागतो, आणि दोनच ठिकाणी केला की दुखणं परत येतं : प्रिंटरच्या ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये ए४, वर्डच्या ‘लेआउट’मध्ये ‘साइझ’ ए४, आणि प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत ट्रेचं माप ए४. अमेरिकेतून आलेली पीडीएफ झेरॉक्सवाल्याकडे द्यायची असेल तर ‘फिट’ निवडून छापायला सांगा, नाहीतर कडेची ६ मिलिमीटर कापली जातात.

ऑफिसात शेअर केलेल्या प्रिंटरला जोडताना ‘११बी’ एरर येतो.

सप्टेंबर २०२१च्या विंडोज सुरक्षा अपडेटने प्रिंटर शेअरिंगचे नियम कडक केले, तेव्हापासून हा पाहुणा आहे. एका मशीनवर अपडेट आहे आणि दुसऱ्यावर नाही, की दोघांचं जमत नाही. आधी दोन्ही मशीन पूर्ण अपडेट करून रीस्टार्ट करा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, एक आकडा शून्य करण्याचा उपाय सगळीकडे सांगतात. त्याने प्रिंट निघते, पण ज्यासाठी अपडेट आलं ते संरक्षणही जातं. आमच्या मते त्यापेक्षा प्रिंटर नेटवर्क केबलने किंवा वाय-फायने थेट राउटरला जोडा आणि प्रत्येक मशीनवर त्याच्या आयपी पत्त्याने टाका. मधलं मशीन बंद असलं तरी प्रिंट निघते.

जीएसटीवर सही करताना ‘फेल्ड टू एस्टॅब्लिश कनेक्शन टू द सर्व्हर, काइंडली रिस्टार्ट द ईएमसाइनर’. सर्व्हर डाउन आहे का?

इथला ‘सर्व्हर’ तुमच्याच मशीनवर आहे. ईएमसाइनर हा छोटा प्रोग्राम तुमच्या मशीनवर चालतो आणि ब्राउझर त्याच्याशी १२७.०.०.१ या पत्त्यावर बोलतो. हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. नौपाड्यातल्या सीएच्या ऑफिसात २० तारखेला सगळे पोर्टलच्या नावाने खडे फोडत असतात, तेव्हाही बऱ्याचदा गाडी इथेच अडलेली असते.

घड्याळाजवळच्या खुणेतून ईएमसाइनर बंद करा, डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर उजवा क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. नव्या टॅबमध्ये एचटीटीपीएस लावून १२७.०.०.१, कोलन (:), १५८५ असा पत्ता उघडा. धोक्याची सूचना आली की ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘प्रोसीड’. पान कोरं दिसलं तरी काम झालेलं असतं. परत येऊन सही करा. धोक्याची सूचना ओलांडायची मुभा फक्त या स्वतःच्या पत्त्यासाठी, बाहेरच्या साइटसाठी नाही. डिजिटल सहीचं यूएसबी टोकनच दिसत नसेल तर टोकनचा ड्रायव्हर तपासा, तो ईएमसाइनरबरोबर येत नाही.

केबलवाल्याच्या इंटरनेटवर ६९१ आणि ६५१ येतात. फरक काय?

६९१ म्हणजे वायर ठीक, पण पलीकडून तुमचं नाव-पासवर्ड नाकारलं. प्लॅन संपला असेल, पासवर्डमध्ये मोठं-छोटं अक्षर चुकलं असेल, किंवा राउटर नवा घेतला आणि जुन्याचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख नंबर) त्यांच्याकडे नोंदलेला आहे. वीज जाऊन आल्यावर लगेच आला तर जुनं लॉगिन पलीकडे अजून उघडं असू शकतं. राउटर बंद करून पंधरा मिनिटांनी चालू करा. ६५१ म्हणजे पलीकडून उत्तरच नाही : केबल, बिल्डिंगच्या जिन्यातला स्विच किंवा त्याचा ॲडॉप्टर. पासवर्ड बदलत बसू नका.

साइट उघडताना येणाऱ्या ४०४, ५०३, ५०४ यांपैकी माझी चूक कुठली?

४ने सुरू होणारे आकडे मागणीतल्या गडबडीचे, ५ने सुरू होणारे त्यांच्या सर्व्हरचे. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी ५०३ आला तर हिस्टरी पुसून काही होत नाही, पहाटे प्रयत्न करा. ५०४ जरा घातक. मधल्या सर्व्हरने वाट बघणं सोडलं, मागचं काम पूर्ण झालेलंही असू शकतं. मालमत्ता कर भरताना ५०४ आला तर पुन्हा ‘पे’ दाबू नका, आधी बँकेचं स्टेटमेंट आणि पोर्टलवरची पावती बघा.

४१८ असाही एक आकडा आहे : ‘मी चहाची किटली आहे’. १ एप्रिल १९९८ रोजी कॉफीयंत्र इंटरनेटवरून चालवण्याचा एक थट्टेचा मसुदा प्रसिद्ध झाला. किटलीला कॉफी मागितली तर तिने हे उत्तर द्यावं, असं त्यात लिहिलं होतं. आजही काही साइट नकोशा रोबोंना हे उत्तर देतात. तुम्हाला दिसला तर व्हीपीएन बंद करून बघा.

नेटवर फिरणारे इतर विनोदी मेसेज खरे आहेत का?

‘प्रिंटर ऑन फायर’ खरा आहे. लिनक्सच्या प्रिंटर ड्रायव्हरमध्ये ती ओळ आहे. कागद संपलेला नाही, प्रिंटर ऑफलाइनही नाही, तरी तो चूक दाखवतोय, अशा उरलेल्या वेळी ती येते. फायर ब्रिगेडला फोन नको.

‘गुरू मेडिटेशन’ही खरा. १९८५च्या अमिगा कॉम्प्युटरवर लाल लुकलुकत्या चौकटीत यायचा. कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम अजून तेच शब्द वापरतो. इंजिनीअरिंगच्या मुलांना तो दिसला तर बायोसमधलं व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघावं. ‘प्रेस एनी की’ वाचून ‘एनी’ नावाचं बटण शोधणारेही इतके होते, की कॉम्पॅक कंपनीला आपल्या प्रश्नोत्तरांत तसं बटण नसल्याचं सांगावं लागलं. एक भर आमची : डॉसमध्ये शिफ्ट, कंट्रोल, अल्ट ही बटणं ‘एनी’मध्ये धरत नाहीत, त्यांनी अक्षर उमटत नाही. स्पेसबार दाबा.

‘टास्क फेल्ड सक्सेसफुली’ची चित्रं मात्र बहुतेक बनवलेली.

‘इल्लीगल ऑपरेशन’ किंवा ‘मेमरी ॲक्सेस व्हायोलेशन’ म्हणजे कायद्याचं काही आहे का?

नाही. विंडोज ९५-९८च्या काळात पहिला मेसेज पाहून लोक खरंच धास्तावायचे. प्रोग्रामने प्रोसेसरला न चालणारी सूचना दिली किंवा दुसऱ्याच्या मेमरीत पाय ठेवला, इतकाच अर्थ. मेमरीच्या मेसेजचा कोड सी००००००५ असतो. टॅलीत आला तर आधी डेटा फोल्डरची कॉपी करा, मगच दुरुस्ती किंवा नवी आवृत्ती.

पूर्ण स्क्रीनवर सायरन वाजतो, ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला, मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा’.

हा एरर मेसेज नाहीच, वेबपेज आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरा, मग अल्ट आणि एफ४. नाही बंद झालं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझरवर ‘एंड टास्क’ करा. ब्राउझर पुन्हा उघडताना ‘रिस्टोर’ला नाही म्हणा. नंबर फिरवला असेल आणि एनीडेस्कसारखं, दुरून तुमचं मशीन चालवू देणारं काही टाकलं असेल तर आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करा. घाबरवून पैसे काढण्याचा हा धंदा आपल्या अंगणातही चालला आहे. ऑक्टोबर २०१६मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या ज्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तिथून अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या करखात्याच्या नावाने धमक्या दिल्या जात होत्या.

‘इव्हेंट व्ह्यूअर’ या विंडोजच्या नोंदवहीमध्ये शेकडो लाल एरर दिसतात. काळजी करावी का?

फोनवरचे भामटे नेमकी हीच यादी उघडायला लावून घाबरवतात. ठणठणीत मशीनवरही ती लालच असते. ‘डिस्ट्रिब्युटेडकॉम’चा १००१६ हा दुर्लक्ष करावा असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगतं. ‘डिस्क’ नावाने ७ क्रमांक वारंवार दिसला तर मात्र आजच बॅकअप घ्या, डिस्कचे काही भाग वाचता येईनासे झाले आहेत.

‘कर्नल-पॉवर ४१’ म्हणजे मशीन नीट बंद न होता बंद पडलं. तारखा वीज गेल्याच्या वेळांशी जुळत असतील तर दोष यूपीएसचा. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवरची बॅटरी असते, ती दोन-तीन वर्षांत थकते. काम सेव्ह करून, मशीन चालू ठेवून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. मशीन लगेच बंद पडलं तर फक्त बॅटरी बदला, अख्खा यूपीएस घ्यायची गरज नाही. प्लग काढूनही पाच मिनिटं नीट चाललं आणि तरी ४१ येत असेल, तर एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) तपासून घ्या.